आगोट आणि पेव

मे महिन्याच्या उन्हाला माझ्या माहेरी कुणी नावं ठेवत नसे. त्याला कामं नेमून दिलेली असत. पापडाला सकाळचं कोवळं ऊन, कारण कडक उन्हात पापडाच्या कडा वळतात. मिरचीला भर दुपारचं. हातात घेऊन हलवली की आतलं बी खुळखुळलं पाहिजे. कोकमाच्या साली त्यांच्याच रसात बुडवायच्या, वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, हे दिवसेंदिवस चाले आणि तेवढे दिवस अंगणाच्या त्या कोपऱ्यातल्या दगडांवर जांभळट डाग राहत. भात आणि वाल यांना मात्र जितकं मिळेल तितकं ऊन. आजी एक दाणा दाढेखाली धरायची. कट्ट वाजला तर धान्य आत, नाही वाजला तर आणखी एक दिवस अंगणात. दाण्यात ओल राहिली की सोंडे होतात, बुरशी धरते, सगळी कणगी हातची जाते. ओलावा मोजायची यंत्रं आता धान्याच्या बाजारात असतात. आजीचा भरवसा दाढेवर होता, आणि तिच्या हयातीत आमची कणगी बिघडल्याचं मला आठवत नाही.

माहेर चौल-रेवदंड्याकडचं. तिकडे पावसाळ्याच्या तोंडाला आगोट म्हणतात, आणि आगोटीची भरती हे मे महिन्यातलं सगळ्यांत मोठं काम. एकदा मृग लागला की खाडीचं पाणी तांबडं होतं, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली शाकारून ठेवतात, गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँचा मेअखेरीला थांबतात. 2020 च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसकट माणसं आणणारी रो-रो सुरू झाली, तोवर पावसाळ्यात मुंबई आम्हाला फार लांबची वाटायची. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते. तो मासळीच्या विणीचा काळ. म्हणजे चार महिने पाऊस, त्यातले दोन महिने ताजी मासळी नाही, परसात भाजी टिकत नाही, आणि गणपतीला मुंबईची सगळी माणसं घरी येणार. हे सगळं मेमध्येच धरून चालायचं.

सुकी मासळी आई पोयनाडच्या बाजारातून आणायची, थोडी दारावर येणाऱ्या कोळणीकडून. जवळा, सुकट, बोंबील, वाकट्या, खारवलेला बांगडा, आणि परवडले तर सोडे. ओल्या बोंबलांच्या जोड्या करून, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून त्यांना बांबूच्या दांडीवर टांगतात. किनाऱ्यावरच्या त्या लांबच लांब दांड्या वाऱ्यानं हलायला लागल्या की आमच्या लेखी उन्हाळा भरात आलेला असे. कोळीण टोपली उतरवून म्हणायची, "बाय, वास घेऊन बघ, मग भाव कर." आई खरंच वास घ्यायची. नीट वाळलेल्या मासळीचा वास उग्र असला तरी स्वच्छ असतो; ओल राहिलेलीचा वास वेगळा, आणि तो ज्याला कळला तो फसत नाही. घरी आणल्यावर मासळीला पुन्हा एक-दोन उन्हं द्यायची आणि घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून डबा पडवीत ठेवायचा. पाऊस असा कोसळत असावा की शेजारचं घरही दिसू नये, आणि चुलीवर कांदा, जवळा आणि दोन कोकमं. त्या जेवणाला मी आजही कुठल्याही पक्वान्नाच्या वरचं पान देईन.

कांदा आमचा पांढरा, अलिबागचा. तो पोत्यात भरत नाहीत. पातीसकट काढून वाळवायचा, पातींची वेणी घालत घालत माळ करायची आणि माळा घरात वाशांना टांगायच्या. वारा लागतो, एक कांदा सडायला लागला तर लगेच दिसतो आणि शेजारच्याला लागायच्या आत काढून टाकता येतो. माळ खालून संपत जाते. श्रावणात आम्ही मुलं वर बघून सांगायचो की आता इतकी माळ उरली, म्हणजे गणपतीला पुरतात कांदे. वाल कडवे, भाताचं पीक निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि रात्रीच्या दवावर वाढलेले. त्यांना राख चोळून मडक्यात भरायचं. भात कणगीत भातच म्हणून ठेवायचं, लागेल तसं गिरणीत न्यायचं. टरफलाच्या आत तांदूळ जितका सुरक्षित असतो तितका कुठल्या डब्यात नसतो. कणगीला शेणामातीचा हात द्यायचा, भातात निगडीचा पाला घालायचा.

आणि सगळ्यांच्या आधी जळण. शेणी, फाटी, झावळ्या, करवंट्या, नारळाची सोडणं, हे सगळं पडवीत आढ्यापर्यंत रचलेलं असे. आजी म्हणायची, "तांदूळ उसना मिळल गो, सुका फाटा कोन देनार?" भर पावसात कोरडं लाकूड मागायला जाणं हे तिला पैसे मागायला जाण्यापेक्षा अवघड वाटे, कारण पावसात ते प्रत्येकाकडे मोजकंच असतं आणि नाही म्हणणं कुणालाच जमत नाही.

लग्न होऊन मी मंगळवेढ्याला गेले आणि साठवणीचं सगळं गणित उलटं झालं. माहेरी आम्ही पाऊस येणार म्हणून भरत होतो. इथं पाऊस आला नाही तर, म्हणून भरायचे. कोकणातल्या भरतीला मुदत होती: नारळी पौर्णिमा झाली, दर्या शांत झाला, की ताजी मासळी दारात. देशावरच्या साठ्याला मुदत नाही. एक वर्ष हुकलं तर पुढचं साधेल याची हमी नाही, म्हणून ज्वारी अशी ठेवायची की ती दोन-तीन वर्षं राहिली पाहिजे.

मंगळवेढ्याची ज्वारी महाराष्ट्राला सांगावी लागत नाही. 2016 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. काळ्या, खोल जमिनीत परतीच्या पावसाची ओल धरून ती रब्बीत उभी राहते आणि थंडीत पिकते. ती ठेवायचं जुनं ठिकाण म्हणजे पेव. सासरच्या वाड्यात एक होतं, आता बुजवलंय. वरून पाहिलं तर फक्त एक फरशी. ती उचलली की माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आणि खाली मडक्यासारखं रुंद होत गेलेलं पोट. तळाशी आणि कडेनं कडबा, भुसा लावायचा, ज्वारी ओतायची, तोंडावर फरशी बसवून मातीनं लिंपून टाकायचं. आत दाणे श्वास घेतात, असलेला प्राणवायू हळूहळू संपतो आणि मग कीड जगत नाही. औषध नाही, गोळ्या नाहीत. फक्त ज्या दिवशी पेव उघडायचं त्या दिवशी कुणी लगेच आत उतरायचं नाही. तोंड उघडं ठेवून वाट पाहायची, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर आत माणसाचा जीवही जाऊ शकतो. धान्यानं माणसाला जगवायचं आणि त्याच धान्याच्या खोलीत घाईनं शिरलेल्या माणसाला श्वास मिळू नये, हे मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फार लागलं होतं.

सासूबाई नव्यानं नांदायला आल्या आणि 1972 चा दुष्काळ पडला. त्या वर्षाच्या गोष्टी त्या शांतपणे सांगतात. बायका खडी फोडायला जायच्या. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळायचा, त्याची भाकरी थापताना तुटायची. मुलांना सुकडी. विहिरींचे तळ दिसायला लागलेले. वाड्यातल्या पेवात आधीच्या वर्षांची ज्वारी होती. आजेसासूबाईंनी घरातल्या पुरुषांना बोलावून सांगितलं म्हणे, "आपलं पेव आळीला ठावं हाय. झाकून किती दिस खानार?" पेव उघडलं. कडेची ज्वारी लालसर पडलेली, तिला वास होता; मधली चांगली होती. आळीतल्या घरांना माणसं बघून शेरानं, मापट्यानं ज्वारी मोजून दिली. पैसे नाहीत, पिकलं की परत आणून घाला. हिशेब स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवलेला. काहींनी ज्वारी परत आणली, काहींना कधी जमलं नाही, आणि पीक आलं त्या दिवाळीला भिंतीला चुना दिला तेव्हा उरलेल्या रेघा त्याखाली गेल्या. त्या कुणाच्या होत्या हे सासूबाईंना माहीत आहे. त्यांनी मला एकही नाव सांगितलेलं नाही.

मंगळवेढ्यात या गोष्टीला मोठी सावली आहे. बहामनी बादशहाच्या धान्याच्या कोठारांवरचे अधिकारी दामाजीपंत याच गावचे. दुष्काळात उपाशी माणसं दारात आली तेव्हा त्यांनी सरकारी कोठारं खुली केली, आणि बेदरला त्याची किंमत विठोबानं विठू महाराच्या रूपात जाऊन भरली, अशी कथा आहे. शेकडो वर्षं ही कथा कीर्तनांतून सांगितली जाते आहे. कोठार भरणाऱ्या राजांची नावं किती जणांना आठवतात? उघडणारा एक कारकून मात्र संत झाला.

सासूबाईंकडून मी हिशेब शिकले. गणिताच्या पुस्तकात मी शिकलेल्या हिशेबाहून तो निराळा होता. चार शेरांची पायली, आणि माप भरताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. मग दोन, तीन. माणशी रोजच्या भाकरी, त्यांचं वर्ष, एवढंच असतं तर कुणालाही जमलं असतं. त्यांची सुरुवात दुसरीकडून असायची. आधी बियाणं: सगळ्यांत भरलेल्या कणसांचं, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून वेगळ्या मडक्यात, आणि त्या मडक्याला कितीही अडचण आली तरी हात लावायचा नाही. मग बलुत्याचं, जोवर बलुतं चालू होतं तोवर. मग आषाढीचं, कर्नाटकातून पंढरपूरला निघालेल्या दिंड्या मंगळवेढ्यावरून जातात आणि वाटेवरच्या घरांनी पिठलं-भाकरी करायची हे ठरलेलं. मग माहेरपणाला येणाऱ्या लेकी. मग वासुदेव, पोतराज, दारात उभा राहणारा कुणीही. हे सगळं बाजूला काढल्यावर घरच्या तोंडांचं मोजायचं. अजून न आलेल्या, कधी कधी नावही ठाऊक नसलेल्या माणसाची भाकरी आपल्या भाकरीच्या आधी मोजणाऱ्या या बाईला शाळा तिसरीपर्यंतच मिळाली होती. माझ्या ओळखीच्या कुठल्याही अर्थशास्त्रज्ञापेक्षा मी तिचं अधिक मानते.

माहेरीही हे होतंच, फक्त इतकं उघड बोलून दाखवलेलं नव्हतं. गणपतीला येणाऱ्यांचे कांदे आम्ही वर बघून मोजत होतोच की.

म्हणून साठवण आणि साठेबाजी यांची कुणी गल्लत केली की मला राहवत नाही. वस्तू तीच, कोठी तीच, फरक वेळेचा आहे. मार्च-एप्रिलात शेतातून माल येतो, भाव उतरलेले असतात, शेतकऱ्याला पैशाची गरज असते. तेव्हा वर्षाचं धान्य भरणारं घर त्याला गिऱ्हाईक देतं, आणि पुढे टंचाई आली तर ते घर दुकानासमोरच्या रांगेत नसतं. त्याची रांगेतली जागा दुसऱ्या कुणाला मिळते. टंचाई लागल्यावर उचललेलं पोतं मात्र दुसऱ्याच्या ताटातून येतं. 1955 चा अत्यावश्यक वस्तूंचा कायदा व्यापाऱ्यांच्या गोदामांसाठी होता, पण हा फरक घरातल्या बायकांना कायद्याविना कळत होता. 1972 च्या त्याच टंचाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या हाकेला ओ देऊन मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्या घराघरांत डबे भरून ठेवणाऱ्याच बायका होत्या. कुणाच्या कोठीत किती असावं आणि कुठून पुढे ते पाप होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

24 मार्च 2020 ला रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा मी पुण्यात होते. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात दहा मिनिटांत कणीक संपली. पाच-पाच, सहा-सहा पिशव्या घेऊन माणसं घाईनं परतत होती. त्यांची भीती खरी होती, मी त्यांना दोष देत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या इमारतीचा रखवालदार रोजच्यासारखा किलोभर कणीक आणायला गेला आणि रिकाम्या हातानं आला. त्याला रोजची कणीक रोज आणावी लागते. पगाराचा हप्ता आणि खोलीची जागा त्याहून जास्त पुरत नाही. रात्री नेलेल्या त्या जास्तीच्या पिशव्यांमध्ये त्याची पिशवी होती. माझ्याकडे मंगळवेढ्याची ज्वारी होती, ती त्याला दिली, आणि त्याच्या बायकोनं आमच्याकडे येऊन तिच्या गावच्या पद्धतीची जाड भाकरी थापून दाखवली. ती तव्यावर फुगली तेव्हा तिला झालेला आनंद मला फार काळ पुरला.

त्याच वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. आगोटीची भरती नुकतीच झालेली होती. माहेरच्या घराची कौलं उडाली, वाडीतल्या पोफळी एका रांगेत आडव्या झाल्या, वीज गेली ती लवकर आलीच नाही. भाऊ फोन लागेल तिथे जाऊन बोलायचा. भाताच्या कणगीवर पाऊस पडला होता. वरचा थर गेला, खालचं वाचलं. कांद्याच्या माळा भिजल्या. चिनी मातीच्या बरण्या, पत्र्याचे डबे आणि मिठात घातलेल्या कैऱ्या जशाच्या तशा होत्या. पडवीतलं जळण अर्धं भिजलं, अर्धं आतल्या बाजूचं कोरडं राहिलं, आणि त्या कोरड्या अर्ध्यावर आळीतल्या चार घरांची चूल एकत्र पेटली. कुणाकडे तांदूळ सुके राहिले होते, कुणाकडे सुकट, आमच्याकडे फाटा. आजीचं बोलणं वहिनीला तेव्हा आठवलं, असं ती म्हणाली. घर पुन्हा उभं राहिलं. पोफळीला मात्र नवं रोप लावल्यापासून सुपारी लागेपर्यंत कित्येक वर्षं जातात. जी वाडी घराला नारळ-सुपारी पुरवून वर विकायला देत होती, त्या घरात आता नारळ विकत येतो. घराची खरी साठवण बाहेर उभी होती, मुळांवर, हे त्या वादळानं दाखवून दिलं.

आता मी राहते तो फ्लॅट दोन खोल्यांचा. कोठीघर नाही, माळा नाही, अंगणाच्या जागी बाल्कनी आणि तिथे ऊन दोन तास. दिवाणाच्या पोटात पत्र्याच्या दोन कोठ्या बसतात, त्यांत ज्वारी आणि तूरडाळ. डाळीला एरंडेलाचा हात, तांदळात बोरिक पावडर, ज्वारीत गावाहून आलेला कडुलिंबाचा पाला. फोनवर बोट ठेवलं की दहा मिनिटांत सामान दारात येतं हे मला ठाऊक आहे, आणि पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन भर पावसात मोटरसायकल पळवणारी ती मुलंही मी पाहते. कुणाचा तरी कोथिंबिरीचा एक जुडा वेळेत पोचावा म्हणून कुणाचा तरी मुलगा सिग्नल तोडतो, हे मला बघवत नाही. घरात महिनाभराचं असलं की निदान माझ्यामुळे त्याला तसं धावावं लागत नाही. एप्रिलात इमारतीतल्या काही जणी मिळून गावाकडून टेम्पो मागवतो. पोती खाली उतरली की पार्किंगमध्ये चवाळं अंथरून पाखडणं, निवडणं, वाटणं चालतं, आणि एरवी लिफ्टमध्ये नुसतं हसून पुढे जाणाऱ्या बायका तिथे दोन-दोन तास बसतात.

लेक जर्मनीत शिकायला गेली आणि तिथेच राहिली. मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला. तिथल्या सरकारच्या आपत्ती विभागाची पुस्तिका तिच्या हाती लागली होती: प्रत्येक घरानं दहा दिवसांचं अन्न आणि माणशी रोज दोन लिटर पाणी साठवून ठेवावं. "आई, दहा दिवसांचं म्हणजे नेमकं किती गं?" चार महिन्यांची आगोट आणि तीन वर्षांचं पेव ज्या घरात चालत आलं, तिथल्या मुलीला दहा दिवसांचा अंदाज येईना, याचं मला वाईट वाटलं आणि तिनं विचारलं याचा आनंदही झाला. पोहे, भाजणी, मेतकूट, शेंगदाणे, गूळ, चूल पेटली नाही तरी चालेल असं आधी, मग तांदूळ-डाळ, असं मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. तिच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारी बाई एकटी राहते, तिला दाणे चावतात का, हेही मी विचारलं. तिला ठाऊक नव्हतं. विचारून सांगते म्हणाली.

तिच्या इमारतीत प्रत्येक घराला तळघरात एक लहान खोली आहे, सगळं तिथेच ठेवीन म्हणते. कोरडी आहे का विचारलं तर म्हणाली, तशी बरी आहे. 'तशी बरी' म्हणजे काय ते फोनवर कळत नाही. ऑगस्टमध्ये मी जाणार आहे, तोवर खाली नुसते बंद डबे ठेव, धान्याची पिशवी ठेवू नकोस, असं तिला बजावलंय. जाताना दोन किलो ज्वारी, पाट्यावर वाटलेल्या डाळीचे सांडगे आणि वहिनीनं बांधून दिलेलं कोकम नेईन. एक मूठ ज्वारी तळघरात उघडी ठेवून आठ-दहा दिवसांनी दाढेखाली धरून बघेन, मग भिंतीला फळ्या कुठे ठोकायच्या ते ठरवू.